रिक्षावाल्या काकांसाठी मुलांच्या फुटबॉल मॅचेस – सल्ला हवाय

नेरुळला राहते. आमच्या मुलांना शाळेत सोडणारे काका महिनाभर घरी आहेत, मांडीत रॉड घातलाय. रिक्षाचा हप्ता मात्र चालूच. त्यांची धाकटी आमच्या पोरांची गोलकीपर. परवा तुटलेल्या ग्लोव्हजना चिकटपट्टी लावून उभी होती. मुलांनीच ठरवलं, मॅचेस ठेवायच्या. ५-५ जणांच्या ८ टीम, प्रत्येकी ५०० रुपये. पैसे कोणाकडे ठेवावेत? आणि काकांना अवघडल्यासारखं होता कामा नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उत्तर १ (वाशी)
ताई, आधी काकूंशी बोला. बॅनरवर नाव-फोटो नको. पैसे थेट त्यांच्याच खात्यात जाऊ देत, क्यूआर कोड त्यांचाच लावा. मैदानाची परवानगी लेखी घ्या. कार्यक्रम सकाळी नऊच्या आत संपवा, नंतर ऊन सोसत नाही.

उत्तर २ (घणसोली)
मी मुलांना शिकवतो. बारा वर्षांखालच्यांना ४ नंबरचा बॉल द्या, ५ नंबरचा जड जातो. १०-१० मिनिटांच्या मॅचेस, बाद फेरी असेल तर ७ मॅचेसमध्ये आटोपतं. पण हरलेली टीम लगेच घरी जाते, म्हणून प्रत्येकाला दोन तरी खेळायला मिळू देत. बर्फ, बँडेज जवळ ठेवा. शिट्टी घेऊन मी येतो, मानधन नको.

प्रश्नकर्ती
दादा, खूप आभार! काकूंशी बोलले. म्हणाल्या, "पोहे मी करते, तेवढं तरी करू दे." आणि ग्लोव्हज आजच आणलेत.