वहिनीची क्लिप दोन्ही बाजूंनी फिरवली, फोन थांबत नाहीत (मदत हवी आहे)

मंडळी, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. घरचं प्रकरण आहे, गावाचं नाव देत नाही. कुणाला ओळख पटलीच तर कृपया इथं लिहू नका.

वहिनी घरीच शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाऊज. भाऊ गोव्यात कामाला, मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत. गेल्या महिन्यात ती घराचा उतारा आणायला एका कचेरीत गेली. उतारा कन्नडमध्ये. "यातलं मला वाचता येत नाही, मराठीत मिळेल का?" एवढंच तिनं विचारलं. तिचा आवाज थोडा चढला, समोरच्याचाही चढला. मागं उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाईलवर घेतलं. ४० सेकंद.

रात्री एका पेजवर ती 'कन्नडद्वेष्टी' झाली. दुसऱ्या दिवशी आपल्या बाजूच्या पेजवर 'सीमाभागाची वाघीण'. दोघांपैकी एकानंही तिला विचारलं नाही. निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत, त्यांच्याशी ती रोज कन्नडच बोलते. वाचता येत नाही, एवढंच. मला म्हणाली, "भावजी, मला उतारा पाहिजे होता. वाघीण कुणाला व्हायचं होतं?"

मग कुणीतरी दारावरच्या पाटीचा फोटो क्लिपखाली टाकला. पाटीवर नंबर. शिव्या, धमक्या, रात्री अकरानंतर येणारे फोन तर सांगण्यासारखेही नाहीत. कोल्हापूर-पुण्याकडून सत्काराला बोलावणारेही आहेत, त्यांचे फोन वेगळे. तिनं मोबाईल कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवलाय, मशीन थांबली की त्याची थरथर ऐकू येते. पाटीवरच्या नंबरावर मी निळा ऑइलपेंट मारला. उन्हात तिरपं बघितलं की आकडे अजून दिसतात. नंबर बदला म्हणाल, तर गॅस, बँक, पोरीची शाळा, गिऱ्हाइकं, सगळं त्याच नंबरावर आहे.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, "नंबर तुम्हीच पाटीवर लिहिलाय ना?" क्लिप रिपोर्ट केली तर नियमभंग नाही असं उत्तर आलं. आणि आपलीच माणसं म्हणतात, तक्रार नको, बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या तोंडावर क्लिप कामाला येते. १९५६ पासून आम्ही हे भोगतोय, माझे आजोबा मोर्चात लाठ्या खाऊन आलेले. पण ते स्वतःच्या पायांनी गेले होते. वहिनीला कुणी विचारलंच नाही, हे मला सहन होत नाही.

पाटीवर नंबर लिहिला म्हणजे हक्क गेला का? आणि तक्रार मराठीत दिली तर घेतील का?

प्रतिसाद

दादा, आधी पुरावा. क्लिप काढायला लावण्याआधी प्रत्येक पोस्टची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा, कॉलची यादीही. पोस्ट उडाली की हातात काही राहत नाही.

हक्क गेलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर मात्र विसंबू नका, माणसानं स्वतः उघड केलेली माहिती त्यातून वगळली आहे. तुमचं खरं बळ फौजदारी कायद्यात आहे. नंबर पाटीवर होता की नव्हता, धमकी हा गुन्हाच. भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम ३५१, बाईचा सतत पिच्छा पुरवण्याला ७८, अश्लील बोलण्याला ७९. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार टपालानं थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा.

पेजसाठी नुसतं रिपोर्टचं बटण पुरत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २४ तासांत पोच द्यावी लागते. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

भाषेचं म्हणाल तर घटनेचं कलम ३५० वाचा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, काम अडणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. रात्री बसून ३१ स्क्रीनशॉट काढले. वहिनी शेजारी बसून तारखा वहीत उतरवत होती. तिचं म्हणणं, अर्जात दोन्ही पेजांची नावं घाला, आपलं वगळू नका. आमच्या गल्लीत याचा राग येणार, येऊ दे. कन्नडमध्ये नीट अर्ज लिहून देणारं कुणी बेळगाव किंवा खानापुरात असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. सोमवारी सकाळी आम्ही दोघं ठाण्यात जातोय.