टॉवरआधी भट्टी बघा
वरच्या प्रतिक्रियेत कुणीतरी दिल्लीसारखा स्मॉग टॉवर, म्हणजे बाहेरची हवा ओढून गाळणारा मनोरा, बेळगावातही बसवा म्हटलंय. अहो, उघड्यावर हवा गाळायची म्हणजे नळ गळका ठेवून फरशी पुसत बसणं! आमचं घर उद्यमबागेच्या, म्हणजे इथल्या फाउंड्र्यांच्या (लोखंड ओतायच्या कारखान्यांच्या) वसाहतीच्या अंगाला. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी काढावा तर खांद्यावर काळी कणी. बोटानं झटकायला गेलं की रेघच उमटते. फाउंड्रीत क्युपोला, म्हणजे कोक (भाजलेला दगडी कोळसा) जाळून लोखंड वितळवणारी जुनी भट्टी, जाऊन विजेची इंडक्शन भट्टी आली की धूर बराच उतरतो. पण साच्याची वाळू झाडताना उडणारी सिलिकाची धूळ राहतेच, आणि ती आधी कामगाराच्या छातीत जाते. तिला बॅगफिल्टरच हवा, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारं यंत्र. तोही विजेचं बिल वाचवायला रात्री बंद नाही ना, हे कुणी बघायचं?