मदत हवी आहे: मृत्युपत्रातली एक खोडलेली ओळ

बाबा गेल्यावर कपाटात त्यांचं मृत्युपत्र सापडलं. शेवटच्या पानावर त्यांची आणि 2 साक्षीदारांची सही आहे. पण पहिल्या पानावर माझं नाव खोडून वर निळ्या शाईत धाकट्या भावाचं लिहिलंय, शेजारी कुणाचीच सही नाही. अक्षर बाबांचंच वाटतं, हात थरथरायला लागल्यानंतरचं. ते बघवत नाही. माझ्या माहितीप्रमाणे अशा बदलालाही साक्षीदारांसमोर सही लागते. नाहीतर वाचता येणारा मूळ मजकूरच धरतात. एक साक्षीदार आता हयात नाहीत.

दादा एक्झिक्युटर आहे, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी त्याच्यावर आहे. देणी फेडली का, शिल्लक किती, काहीच सांगत नाही. आधी त्याच्याकडे लेखी हिशोब मागू, की थेट प्रोबेटला, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याला, हरकत घेऊ? भावांना तोडायचं नाहीये मला. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.