बारावीची अट: 11 वर्षं मुलं सांभाळणाऱ्या ताईंना बाजूला करायचं का?

मंडळाची_सचिव:

नमस्कार. आमचं महिला मंडळ वस्तीत पाळणाघर चालवतं. आधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेतून, 2022 पासून ती केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमाखाली 'पाळणा' झाल्यावर तिच्यातून अनुदान येतं. सध्या 23 मुलं आहेत. आया धुणीभांडी आणि बांधकामावर जाणाऱ्या.

आमच्या ताई 11 वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून लागल्या. पुढे सेविका गाव सोडून गेल्या, आणि तेव्हापासून वर्ग ताईच बघतात. आम्हीही कागदावर त्यांनाच सेविका दाखवलं. यंदाच्या तपासणीत निघालं की सेविकेला बारावी लागते, ताई दहावी. आता सांगतात, पात्र सेविका नेमा, नाहीतर त्या पदाचं मानधन थांबेल.

ताई काय आहेत ते एका प्रसंगातून सांगते. एकदा स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं. सगळी पोरं दचकली, एक रडायलाच लागलं. दीड वर्षाची एक मुलगी मात्र ठोकळे रचत राहिली. ताईंनी त्या दिवशी तिच्या पाठीमागून चार वेळा टाळ्या वाजवल्या, संध्याकाळी तिच्या आईला थांबवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात सोबत गेल्या. त्या मुलीच्या कानात आज यंत्र आहे. ती बोलायला लागलीय.

हे कुठल्या मार्कशीटवर लिहून आणू? शिक्षणासाठी सरकारकडून काही मदत मिळते का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

निवृत्त_मुख्यसेविका:

ताई, आधी पगाराचं बघा. मदतनीसाला दहावी चालते, म्हणजे त्या पदाला तुमच्या ताई आजही पात्र आहेत. ठराव करून त्यांना मदतनीस दाखवा आणि सेविकेच्या जागी बारावी झालेली कुणी घ्या. मनाला लागेल, पण घरात मानधन येत राहील. शिवाय चुकीची नोंद तशीच ठेवलीत तर उद्या सगळंच अनुदान अडकायचं.

दुसरं म्हणजे, 'मुदत द्या' असा लेखी अर्ज करा. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्जात दोन गोष्टी घाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांबद्दल लिहिलंय: बारावी असेल तर बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिक्षण असेल तर एक वर्षाची पदविका, तीही काम सांभाळून. आणि 2022 च्या अंगणवाडी मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभवाच्या मदतनीसांसाठी आहेत, अर्थात बाकीच्या अटी पूर्ण केल्या तर. पाळणाघराला हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण अनुभवी बाईला वर आणायचं हे शासनानेच मान्य केलंय, एवढं अधिकाऱ्यांना दाखवता येतं.

2023 मध्ये सुरू झालेलं 'पोषण भी पढाई भी' प्रशिक्षण अंगणवाडीवाल्यांसाठी आहे. तुमच्या जवळ कुठे झालं तर बसू द्याल का, विचारून बघा. बारावीच्या फीला वेगळं अनुदान मात्र 'पाळणा' योजनेत धरू नका. ते मंडळानेच उचलावं.

सतरा_नंबरवाली:

मी स्वतः 38 व्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी झाले, कला शाखेतून. कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा तो फॉर्म, दहावीनंतर शिक्षण सुटलेल्यांनाही चालतो. ऑनलाइन भरायचा, आणि कागद जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात द्यायचे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधून ठेवा, माझे तीन आठवडे त्यातच गेले! तारखेकडे लक्ष ठेवा, हुकली की वर्ष गेलं.

मुलं दुपारी झोपली की मी दीड तास वाचायची. इंग्रजीची भीती होती, शेजारच्या अकरावीतल्या मुलीने शिकवलं. ताईंना कुणीतरी रोज विचारणारं हवं, 'आज काय वाचलंस?' एवढं केलंत तरी खूप.

दोन_मुलांची_आई:

माझं मत थोडं वेगळं आहे. अट असावी. माझ्या धाकट्याला एका पाळणाघरात झोपवूनच बाटली देत होते, ठसका लागून तो निळा पडला होता. तिथल्या बाईंना काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. पण बारावीच्या इतिहास-भूगोलात हे कुठे शिकवतात? घशात अडकलं तर काय, ताप डोक्यात गेला तर काय, हे शिकवा आणि त्याची परीक्षा घ्या. तुमच्या ताईंसारखी बाई मला माझ्या पोरासाठी कधीही चालेल.

मंडळाची_सचिव:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्यसेविकाताई, चूक आमचीच होती, नोंद तेव्हाच नीट करायला हवी होती. ठराव रविवारच्या बैठकीत घेतोय, मुदतीचा अर्जही लिहिलाय. फीसाठी चार जणींनी पैसे काढायचे ठरवलेत.

काल ताईंशी बोलले. मदतनीस म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, लाळेरी घडी करत राहिल्या. मग विचारलं, "पण पोरांजवळ मीच ना?" मी हो म्हटलं. आज सकाळी येताना त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळेचा दाखला घेऊन आल्या. त्यावर आडनाव माहेरचं आहे आणि आधारवर सासरचं. सतरा नंबरवाल्या ताई, याचं काय करावं लागतं?