चर्चा: लिंक्डइनवर नसलेला अभियंता व्यवसायातून बाद समजायचा का?

गिअरबॉक्स_चिंचवड (धागाकर्ता)

भरती-सल्लागार म्हणून काम करणाऱ्या एका गृहस्थांची पोस्ट आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात फिरत फिरत आली. तिचा आशय असा की, ज्या अभियंत्याचे लिंक्डइनवर किमान पाचशे संपर्क नाहीत आणि जो आठवड्यातून तीन वेळा तरी तिथे लिहीत नाही, तो व्यवसायात असून नसल्यासारखाच आहे. म्हणून महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला ‘पर्सनल ब्रँडिंग’ हा विषय सक्तीचा करावा. आमच्यातल्या अनेक अनुभवी मंडळींनी त्याखाली माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

लिंक्डइन २००३ साली सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा भरती करणाऱ्या कंपन्यांकडून येतो. त्यामुळे तिथली सगळी मांडणी उमेदवार शोधणाऱ्याच्या सोयीची आहे, शिकणाऱ्याच्या सोयीची नाही, आणि हे लपवलेलेही नाही. माझा आक्षेप त्या कंपनीवर नाही. बाजाराच्या त्या जागेला आपण व्यावसायिक संघटनेचे स्थान देऊ लागलो आहोत, यावर आहे.

मी तिथे एका तुटलेल्या शाफ्टविषयी (यंत्रातल्या फिरत्या दांड्याविषयी) लिहिले होते. ग्राहकाचे नाव नाही, ड्रॉइंग नाही, केवळ कारणमीमांसा होती. कीवेच्या, म्हणजे चावी बसवण्यासाठी शाफ्टवर काढलेल्या खाचेच्या, तळाशी कोपऱ्याला पुरेशी गोलाईची त्रिज्या न ठेवल्यामुळे तिथून फटीग क्रॅक (वारंवार येणाऱ्या भाराने पडणारी भेग) सुरू झाली होती आणि तुटलेल्या पृष्ठभागावर तिच्या वाढीच्या रेषा शिंपल्यावरच्या रेषांसारख्या स्पष्ट दिसत होत्या. त्यावर एकाही अभियंत्याने साधा प्रश्न विचारला नाही. त्याच सुमारास एका सहकाऱ्याने दोन दिवसांच्या सिक्स सिग्मा या गुणवत्ता-सुधारणा पद्धतीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र टाकले, त्याखाली अभिनंदनाची रांग लागली. जिथे तुटलेल्या शाफ्टपेक्षा प्रमाणपत्राला अधिक किंमत आहे, तिथे नियमित लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे म्हणजे त्यांना चुकीच्या गोष्टीसाठी तयार करणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

उज्ज्वला_इन्स्ट्रुमेंटेशन

आपल्या शाफ्टची पोस्ट मी वाचली असती तर प्रश्न नक्की विचारले असते. पण आपल्या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावची, घरातली पहिली अभियंता. आमच्या महाविद्यालयात कॅम्पसला आयटी कंपन्या येत, इन्स्ट्रुमेंटेशनची (मापन आणि नियंत्रणाच्या उपकरणांची) एकही येत नसे. पुण्यात ज्यांचे काका, मामा किंवा शेजारी टेल्को-बजाजमध्ये होते, त्यांचा सीव्ही योग्य टेबलावर आपोआप पोहोचत असे. ज्या संस्थेची मुळे १८५४ पर्यंत जातात त्या पुण्यातल्या सीओईपीच्या किंवा मुंबईतल्या १८८७ च्या व्हीजेटीआयच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला माजी विद्यार्थ्यांचे जाळे प्रवेशाबरोबरच मिळते; त्याला लिंक्डइनची गरज वाटली नाही तर नवल नाही. मला ती वाटली. प्रोसेस कंट्रोलमध्ये मुरलेल्या एका अनोळखी गृहस्थांना मी तिथूनच लूप ट्यूनिंगविषयी (नियंत्रक नेमका जुळवून घेण्याविषयी) प्रश्न पाठवला. त्यांनी उत्तर दिले, पुढे आणखी काही विचारल्यावर चिडले नाहीत, आणि वर्षभराने त्यांच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा त्यांनी माझे नाव सुचवले. ते काम मी आजही करते.

त्याच ठिकाणी अनोळखी पुरुषांकडून आलेले नकोसे संदेशही मी वाचले आहेत, तेव्हा ही जागा निर्दोष आहे असा माझा दावा नाही. मात्र ओळखीपाळखीची जुनी व्यवस्था शुद्ध होती आणि आता बाजार आला, असे जे चित्र आपल्या लेखनातून उभे राहते, ते माझ्यासारखीला मान्य होणार नाही.

शॉपफ्लोर_भोसरी

माझा लहान मशीनिंगचा कारखाना आहे, त्यामुळे माझे दुखणे वेगळे आहे. आमच्या एका शिकाऊ उमेदवाराने नव्या फिक्श्चरशेजारी (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाशेजारी) उभे राहून फोटो काढला आणि मोठ्या अभिमानाने लिंक्डइनवर टाकला. मागे भिंतीवर ग्राहकाचे ड्रॉइंग लावलेले होते आणि त्यातली मापे वाचता येत होती. ग्राहकाशी आमचा गोपनीयतेचा करार होता. पुढचे ऑडिट कसे झाले ते विचारू नका. नव्या पार्टची ऑर्डर थांबली ती थांबलीच. मुलाचा हेतू वाईट नव्हता हे मला ठाऊक आहे, पण किंमत आम्ही मोजली.

धागाकर्त्यांच्या शाफ्टवर कोणी का बोलले नाही, याचे उत्तरही इथेच आहे. यंत्रअभियंत्याला खरे बोलायचे तर मटेरियल, लोड, हीट ट्रीटमेंट आणि ड्रॉइंग समोर ठेवावे लागते, आणि त्यातले काहीही त्याच्या मालकीचे नसते. मग सांगण्याजोगे उरते ते प्रमाणपत्र. त्यात भर म्हणजे, चांगल्या सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्राच्या) प्रोग्रामरने प्रोफाइल नीट भरले की महिन्याभरात त्याला चाकणहून फोन येतो. त्याला शिकवण्याचा खर्च मात्र माझा असतो.

रिमोट_म्युनिक

शॉपफ्लोर यांनी मांडलेला मुद्दा मला या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये गिटहब (कोड ठेवण्याचे) आणि स्टॅक ओव्हरफ्लो (प्रश्नोत्तरांचे) ही दोन्ही ठिकाणे २००८ मध्ये सुरू झाली आणि दोन्हीकडे माणसाची ओळख त्याने दाखवलेल्या कामावरून ठरू लागली. मला जर्मनीत नोकरी मिळाली तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी एका मुक्त प्रकल्पातले माझे बदल आधीच वाचले होते आणि तासभर त्यांवरच प्रश्न विचारले. माझ्या महाविद्यालयाचे नाव कोणी काढलेच नाही. हे शक्य झाले, कारण तो कोड सर्वांसाठी खुला होता. यंत्रांच्या आणि इमारतींच्या बाबतीत तसे खुले काम जवळपास नाही.

तरीही कोणी स्टॅक ओव्हरफ्लोला आदर्श मानू नये. नवख्याचा प्रश्न ‘आधीच विचारलेला आहे’ म्हणून काही मिनिटांत बंद करण्याची तिथली रीत मी अनुभवली आहे. पुढे २०२४ मध्ये त्या कंपनीने ओपनएआय या एआय कंपनीशी तिथला मजकूर वापरू देण्याचा करार केला, तेव्हा निषेध म्हणून काहींनी स्वतःचीच उत्तरे पुसायला घेतली आणि त्यांच्या खात्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी लिंक्डइननेही सदस्यांचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची सेटिंग अनेक देशांत आधीपासूनच चालू ठेवल्याचे उघड झाले. वर्षानुवर्षे लोकांनी फुकट दिलेल्या ज्ञानाचे मालक अखेर कोण, हा प्रश्न संपर्कांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

पायाभरणी_नाशिक

सर्वांचे वाचले. मुळाशी मात्र कोणी जात नाही.

वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा आहे, सनदी लेखापालांसाठी तर १९४९ पासून आहे. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा एकही कायदा नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० मध्ये स्थापन झाली, १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणून मान्यता देते. पण ती मान्यता नसल्यामुळे कोणाचे काम थांबत नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना देते, तो तिच्या हद्दीपुरता. डॉक्टर खरा की खोटा हे परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. अभियंत्याची नोंदवहीच नसल्यामुळे लोक लिंक्डइनला नोंदवही समजू लागले, आणि तिथे स्वतःला ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ म्हणवून घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही. माझ्याकडे एक सोसायटी तिच्या इमारतीचे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट घेऊन आली होती. ते देणाऱ्याचे प्रोफाइल भारदस्त होते; त्याने एकाही कॉलमची चाचणी केलेली नव्हती.

आधी अभियंत्यांची परिषद आणा, मग जाळ्यांविषयी बोला.

उज्ज्वला_इन्स्ट्रुमेंटेशन

विषय लिंक्डइनचा होता, तो परिषदेवर गेलाच आहे तर स्पष्ट बोलते. परिषद आली की परीक्षा येईल, शुल्क येईल, ‘नोंदणीकृत ज्येष्ठाच्या हाताखाली अनुभव’ ही अट येईल, आणि तो ज्येष्ठ पुन्हा कोणाच्या ओळखीचा असेल, हे मी आत्ताच सांगते. आमच्यासाठी जे एक दार थोडेसे उघडले आहे, ते सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली बंद करू नका.

शॉपफ्लोर_भोसरी

मलाही हेच विचारायचे होते. माझ्याकडचे सर्वांत चांगले हात आयटीआय आणि डिप्लोमाचे आहेत. पायाभरणी यांच्या नोंदवहीत त्यांची जागा कुठे?

पायाभरणी_नाशिक

दार बंद करण्याची भाषा मी केलेली नाही आणि ती माझ्या तोंडी घालू नये. १९८१ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले झुलते पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल एकाच सलग सळईला टांगलेले होते. बांधताना तिच्या जागी दोन वेगळ्या सळया आल्या आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल कागदावर किरकोळ होता. चौकशीनंतर जबाबदार अभियंत्यांचे परवाने मिझुरी राज्याने काढून घेतले. ते काढून घेता आले, कारण ते दिलेले होते. आपल्याकडे स्लॅब कोसळतो, ठेकेदार पकडला जातो, आणि आकडेमोड करणारा दुसऱ्या शहरात नव्या प्रोफाइलसह उभा राहतो. ज्याच्या सहीवर माणसे झोपतात, त्याच्याविषयी मी बोलतो आहे. आपल्याला नोकरी कशी मिळाली, हा त्यापुढे दुय्यम प्रश्न आहे.

उज्ज्वला_इन्स्ट्रुमेंटेशन

दुय्यम कोणासाठी, हेही सांगावे. ज्या घरात त्या नोकरीवर दोन भावंडांचे शिक्षण झाले, तिथे तो दुय्यम नव्हता. आपला मुद्दा इमारतींपुरता खरा आहे, पण एका शाखेचा प्रश्न सगळ्या अभियंत्यांवर लादून वर इतरांच्या अनुभवाला क्षुल्लक ठरवण्याचा हा सूर मला अपमानास्पद वाटतो.

रिमोट_म्युनिक

दोघांनाही विनंती आहे की, परवाना म्हणजे सरसकट सर्वांसाठी परवाना असे गृहीत धरू नये. अमेरिकेत परवान्याचा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ मध्ये केला. टेक्सासने १९३७ मध्ये केला, न्यू लंडन गावातील शाळेत गळक्या वायूचा स्फोट होऊन शेकडो मुले दगावल्यानंतर. तरीही तिथल्या बहुतेक राज्यांत कारखान्यात नोकरी करणाऱ्या अभियंत्याला परवान्यातून सूट आहे. लोकांना थेट सेवा देणाऱ्याला आणि आराखड्यावर सही करणाऱ्याला तो लागतो. जर्मनीत ‘इंगेनिअर’ ही उपाधी राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित आहे, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे तिच्यावाचून अडत नाही. म्हणजे पायाभरणी यांची नोंदवही आणि उज्ज्वलाताईंचे दार एकाच देशात नांदू शकतात.

ज्या जाळ्याची धागाकर्त्यांना उणीव भासते, त्याचा एक नमुनाही आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘क्रॉस’ नावाची व्यवस्था चालते. स्ट्रक्चरल सुरक्षेविषयी काही चुकलेले किंवा थोडक्यात वाचलेले दिसले की अभियंता तिथे कळवतो. कळवणाऱ्याचे, कंपनीचे आणि प्रकल्पाचे नाव काढून, तज्ज्ञांच्या टिप्पणीसह तो अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. त्यात कोणाचे अभिनंदन नसते आणि ग्राहकाचे ड्रॉइंगही बाहेर जात नाही.

गिअरबॉक्स_चिंचवड (धागाकर्ता)

चर्चा मूळ प्रश्नापासून बरीच दूर गेली, तरी दोन गोष्टी नोंदवतो.

उज्ज्वलाताईंचा अनुभव मी नाकारू शकत नाही. जुन्या ओळखींच्या व्यवस्थेचा फायदा मला मिळाला होता, त्यामुळे तिची झळ कशी असते हे मला बाहेरूनच माहीत आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रोफाइल उघडू नये असे यापुढे मी म्हणणार नाही. मात्र त्यांना नोकरी मिळवून दिली ती लूप ट्यूनिंगच्या प्रश्नाने. रोजच्या रोज लिहिलेल्या आत्मप्रशंसेने ती मिळाली नसती, आणि ‘पर्सनल ब्रँडिंग’च्या तासाला असा प्रश्न विचारायला कोणी शिकवणार नाही. सक्तीला माझा विरोध कायम आहे.

‘क्रॉस’सारखे काही यंत्रांसाठी इथे का नसावे? चिंचवड-भोसरी-चाकण या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे शाफ्ट तुटतो, बेअरिंग जळते, वेल्ड उकलते, आणि प्रत्येक कारखाना तेच कारण नव्याने शोधतो. नावे गाळून लिहिलेले असे अहवाल मराठीत असले, तर शॉपफ्लोर यांच्याकडचे आयटीआयचे मुलगेही ते वाचतील आणि लिहितील.

शॉपफ्लोर_भोसरी

नाव गाळले तरी आमच्या पट्ट्यात कोणता पार्ट कोण करतो हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे ग्राहक ओळखणारच. पार्टचा आकार आणि मापे वगळून केवळ बिघाडाचे कारण आणि उपाय एवढेच लिहायचे असेल, तर माझ्या वकिलाला विचारून सांगतो. त्याने नको म्हटले तर आग्रह करू नये. फोटो कोणत्याही परिस्थितीत देणार नाही.

पायाभरणी_नाशिक

यंत्रांचे अहवाल जरूर लिहावेत. इमारतींसाठी मात्र स्वयंस्फूर्त अहवाल पुरेसे नाहीत. ब्रिटनमध्येही ते कायद्याच्या जोडीला आहेत, कायद्याच्या जागी नाहीत. सही करणाऱ्यापुरता परवाना, एवढ्यावर मी थांबायला तयार आहे. उज्ज्वला यांच्या नोकरीविषयी जे लिहिले त्यातला ‘दुय्यम’ हा शब्द मागे घेतो, बाकीचे म्हणणे नाही.

उज्ज्वला_इन्स्ट्रुमेंटेशन

शब्द मागे घेतलात, ते पोहोचले. सही करणाऱ्यापुरता परवाना असेल तर माझा विरोध नाही. मात्र अनुभवाच्या अटीत ज्येष्ठाची शिफारस मागू नये, कामाची नोंद तपासावी. धागाकर्त्यांनी आपल्या शाफ्टचे ते लेखन इथे पुन्हा द्यावे. त्रिज्या किती होती आणि किती असायला हवी होती, शिवाय कीवे कोणत्या कटरने काढला होता, एंड मिलने की साइड कटरने, हे मला विचारायचे आहे.