मानमंदिराची बदकं दागिन्यात
एखाद्या वास्तूवरून दागिना घडवायचा म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, ताजमहालाचं लॉकेट, दुसरं काय! मला नाही पटत. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंग तोमरांचा राजवाडा, मानमंदिर बघा. ५०० वर्षं उलटली तरी बाहेरच्या भिंतीवर, निळ्या टाइल्समधून पिवळ्या बदकांची रांग अजून चाललेलीच आहे. घुमट-कमानी राहू द्या, ती रांगच उचला. नीलमच्या पट्टीवर पुष्कराजाची बदकं, काय खुलेल ते! हिरव्या रंगासाठी पाचू मात्र जपून. १० पर्यंतच्या मोह्स मोजपट्टीवर नीलमची कठीणता ९, पाचूची जेमतेम ८, शिवाय पाचूत आतून बारीक चिरा असतात. माझ्या आईच्या अंगठीतला ओट्यावर आपटून टिचला. त्यामुळे सतत आपटणाऱ्या बांगडीत हिरव्यासाठी मीनाकारी (धातूवर भाजून बसवलेला काचेसारखा रंग) करून घ्या, पाचू कानातल्यात शोभेल.