मदत हवी आहे: गोरेवाड्याच्या सागवनातलं निळं फूल, केना की दुसरं काही?

पानगळ_नागपूर: मंडळी, गोरेवाडा परिसरात सागाच्या सावलीत एक निळं फूल दिसलं. ऑगस्टचा पहिला आठवडा, सकाळी ९ची वेळ. फूल जेमतेम दीड सेंटिमीटर. पानं अरुंद, कडा नागमोडी. तिन्ही पाकळ्या निळ्याच, खालची जराशी लहान. मोबाईलच्या अ‍ॅपनं तीन फोटोंना तीन नावं दिली: कॉमेलिना कम्युनिस, सायनोटिस आणि म्युरडानिया. त्यातच फोटोत निळा रंग जांभळा आलाय आणि पाकळ्यांवरच्या शिरा पुसल्या गेल्यात. ओळख कशी पक्की करू, आणि पुन्हा गेल्यावर नेमके कोणते फोटो काढू?

सातपुडी: तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरूनच कम्युनिस बाद होतो. त्याची खालची पाकळी पांढरी असते आणि तो मूळचा चीन-जपानकडचा.

बाकीची ओळख पटवायला फुलाच्या खाली बघा. होडीसारख्या दुमडलेल्या हिरव्या पानातून, म्हणजे महाछदातून, फूल बाहेर येत असेल तर तो कॉमेलिना, आपला केना. म्युरडानियाला असा महाछद नसतो आणि तिन्ही पाकळ्या जवळपास सारख्या असतात. सायनोटिसमध्ये पाकळ्या मधोमध जुळून नळी झालेली असते, सहाही पुंकेसर परागकण देणारे आणि त्यांच्या दांड्यांवर निळ्या केसांची दाढी. केन्यात परागकण देणारे तीनच. बाकीचे तीन वंध्य, पिवळे, फुलीसारखे दिसणारे. १० पट भिंगातून हे लख्ख दिसतं.

केना ठरला की महाछदाची मागची कड तपासा. कडा तळाशी जोडल्या जाऊन नरसाळं झालं असेल आणि पान अंडाकृती, पानाच्या तळाशी खोडाला वेढणाऱ्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस, तर कॉमेलिना बेंगालेन्सिस. नरसाळंच, पण पान अरुंद आणि नागमोडी कडेचं, तर कॉमेलिना फॉर्स्काओलिआय असण्याची शक्यता जास्त. कडा सुट्या असतील तर कॉमेलिना डिफ्यूजा पडताळा. अ‍ॅपला समोरून काढलेलं फूल तेवढं दिसतं. खरी खूण मागे असते, म्हणून ते गोंधळतं.

रानकॅमेरा: फोटोंबद्दल. केन्याचं फूल सूर्योदयाच्या सुमारास उघडतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या विरघळून चिखल होतात. सात ते साडेनऊ हीच वेळ धरा. फूल कागदात दाबून घरी आणलं तर काहीच उरत नाही, म्हणून जागेवरच सगळं टिपायचं.

निळा जांभळा होतो त्याची दोन कारणं. सागाच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तो सावरताना मोबाईलचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय, किरमिजीकडे झुकतं. आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, जास्त झालं की निळा रंग कमाल पातळीला पोहोचतो, त्यात शिरा गडप होतात. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्कं करा, एक्सपोजर उणे ०.७ ठेवा, आणि त्याच उजेडात पांढऱ्या कागदाचा एक फोटो घ्या. छत्री धरायची तर काळी किंवा पांढरी. रंगीत छत्रीची छटा थेट पाकळ्यांवर उतरते, पावसाळ्यात ही चूक फार होते.

मोबाईलचा मॅक्रो मोड बऱ्याचदा वाइड लेन्सवर उडी मारतो आणि फोनची सावली फुलावर पडते. त्यापेक्षा थोडं मागे सरकून २ पट झूम बरा. कॅमेऱ्यावर १०० मिमी मॅक्रो असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/२५० सेकंद. खऱ्या आकाराइतक्या चित्रात एफ ८ला फोकस जेमतेम १ मिमी जाडीचा असतो, म्हणून महाछद आणि पुंकेसर एकाच फोटोत साधायला जाऊ नका, दोन वेगळे काढा.

किमान सहा फोटो: पूर्ण रोप, फूल समोरून, फूल व महाछद बाजूने, महाछदाची मागची कड, पानाच्या दोन्ही बाजू, खोडाचा सांधा आणि आवरण. एका फोटोत शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिमी असतं.

पानगळ_नागपूर: धन्यवाद! जुना एक फोटो मोठा करून पाहिला. महाछद नरसाळ्यासारखाच दिसतोय. फॉर्स्काओलिआयला जमिनीखाली न उघडणारी फुलं येतात असं वाचलं. रोप उपटून बघू का?

सातपुडी: नको. जमिनीखालची फुलं बेंगालेन्सिसलाही येतात, त्यामुळे उपटून काहीच सिद्ध होणार नाही. पान आणि आवरणाचा फोटो टाका, त्यावरूनच ठरेल.